किडनीच्या नसेत ‘मण्यांची माळ’ निघाली. नऊ वर्षं घेतलेल्या हार्मोनच्या गोळीमुळे झालं का?

वाहक_बार्शी

नमस्कार. मी एसटीत वाहक आहे, वय ५१, बार्शीला राहते. एवढं मोठं लिहायची सवय नाही, म्हणून घडलं तसं सांगते.

२०१६ साली माझी गर्भपिशवी काढली. गाठी होत्या, पाळीत इतकं अंगावरून जायचं की हिमोग्लोबिन ७ वर आलं होतं. मुक्कामाच्या गाडीवर ड्युटी लागली की त्या दिवसांत काय हाल व्हायचे, ते इथल्या बायकांना सांगायला नको. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही काढली. ते मला घरी आल्यावर डिस्चार्ज कार्ड वाचून कळलं. आधी कुणी विचारलं नव्हतं, आणि ही गोष्ट मला अजून टोचते. तेव्हा मी ४२ ची होते. नंतर दुसऱ्या डॉक्टरबाईंनी इस्ट्रोजेनची रोज एक गोळी सुरू केली. म्हणाल्या, इतक्या लवकर हार्मोन बंद झाले तर हाडं ठिसूळ होतील, हृदयालाही त्रास होईल. मी एकही दिवस न चुकवता घेत आले.

२०२२ च्या दिवाळीपासून उजव्या कानात आवाज यायला लागला. सूं... सूं... असा, थांबून थांबून. दिवसभर गाडीत असल्यामुळे मला तो इंजिनाचाच वाटायचा. एकदा मुक्कामाला होतो, गावातली लाइट गेलेली, गाडी बंद, सगळीकडे चिडीचूप, आणि आवाज चालूच. सहज मनगटावर बोट ठेवलं, तर नाडीच्या ठोक्याला ठोका बरोबर जुळत होता. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मार्च २०२३ मध्ये बायकांना अर्धं तिकीट झालं. गाड्या अशा भरायला लागल्या की मागच्या बाकापर्यंत पोचेतो दोन स्टॉप जायचे. डोकं ठणकायचं ते मला त्या गर्दीचं वाटायचं. डेपोत तपासणीचं शिबिर होतं, तिथे बीपी १८२/११० निघालं. एक गोळी झाली, दोन झाल्या, तीन झाल्या, तरी १६० च्या खाली येईना. शेवटी सोलापूरच्या फिजिशियन सरांनी बेंबीच्या वर, जरा बाजूला स्टेथोस्कोप ठेवून खूप वेळ ऐकलं. असं पोटावर ऐकलेलं मी पहिल्यांदा बघितलं. मग डॉपलर, मग सीटी अँजिओ. उजव्या किडनीला रक्त नेणारी नस जागोजाग आवळलेली, मध्ये मध्ये फुगलेली. सरांनी स्क्रीनवर दाखवलं तेव्हा मला माझ्या आजीची बोरमाळ आठवली. तेही म्हणाले, याला मण्यांची माळच म्हणतात. रोगाचं नाव फायब्रोमस्क्युलर डिसप्लेसिया, एफएमडी.

जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात फुगा घालून नस उघडली. स्टेंट टाकला नाही. बीपीच्या तीन गोळ्यांची एक झाली. नंतर मानेचा आणि डोक्याचा स्कॅन केला, तर मानेच्या दोन्ही बाजूंच्या नसांतही तीच माळ. मेंदूत कुठे फुगवटा नाही, ही देवाची कृपा. रोज ७५ ची अ‍ॅस्पिरिन चालू आहे. कानातला आवाज आहे तसाच आहे. यंदा बीपी परत १४५ च्या आसपास रेंगाळायला लागलंय. डॉपलर पुन्हा केला, किडनीची नस चांगली उघडी आहे म्हणाले.

आता अडचण अशी. एका डॉक्टरांनी फाइल बघून सांगितलं, इस्ट्रोजेन आजच्या आज बंद. मी केली. आठवड्याच्या आत गरम वाफा सुरू झाल्या. तिकीट देताना घामाने मशीन हातातून निसटायचं, रात्री तीन-तीनदा कपडे बदलायचे, झोप नाही, आणि पहाटे पाचला डेपोत हजेरी. तीन आठवड्यांनी मीच गोळी परत सुरू केली. स्त्रीरोगाच्या डॉक्टर म्हणतात, या रोगाचा आणि गोळीचा संबंध नाही, घ्या बिनधास्त. कुणाचं ऐकू?

आणि खरं विचारायचंय ते हे. ही माळ त्या गोळीने केली का? मी रोज सकाळी चहाबरोबर माझ्याच हाताने हे ओढवून घेतलं का? माझी मुलगी २३ वर्षांची आहे. तिला पीसीओडीसाठी गर्भनिरोधक गोळ्या चालू केल्यात. तिच्याकडे बघितलं की पोटात गोळा येतो.


संत्रानगरी

ताई, तुमचं लिहिणं वाचून रडूच आलं. मराठीत हा रोग असलेलं माणूस मला पहिल्यांदा भेटतंय. मी नागपूरची, वय ५४. माझ्या किडन्या ठीक आहेत, मानेच्या नसांत आहे.

माझं कळलं ते असं. ४७ व्या वर्षी एका लग्नाआधी पार्लरमध्ये डोक्याची मालिश करून घेतली. शेवटी त्या मुलीने मान धरून कटकन मोडली. दोन दिवसांनी डावीकडून मान आणि डोळ्यामागे असं दुखायला लागलं की सांगता येत नाही, आणि डावी पापणी खाली आली. घरचे म्हणाले जागरण झालंय. आरशात बघितलं तर डाव्या डोळ्याची बाहुली उजवीपेक्षा लहान. न्यूरॉलॉजिस्टने लगेच सीटी अँजिओ केला. मानेच्या नसेच्या आतल्या अस्तराला चीर गेली होती. ती औषधांवर भरून आली, पण त्या तपासात बाकीची नस मण्यांसारखी दिसली आणि एफएमडीचं नाव पहिल्यांदा कानावर पडलं.

तेव्हापासून माझ्या मानेला कुणी हात लावत नाही. शीर्षासन, सर्वांगासन, हलासन बंद केलं (मी वीस वर्षं योगवर्ग घेत होते, फार जड गेलं). जड काही उचलत नाही. मायग्रेनला मी सुमाट्रिप्टान घ्यायचे, तेही बंद, कारण ते नसा आवळतं. सर्दीच्या गोळ्यांवर फेनिलेफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन लिहिलंय का ते बघते, त्यांनी बीपी चढतं.

हार्मोनचं म्हणाल तर माझी पाळी ५१ व्या वर्षी आपोआप गेली. वाफा सहन केल्या. लघवीच्या जागी कोरडेपणा आणि जळजळ फार होती, त्यासाठी योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं मलम डॉक्टरांनी दिलं. ते रक्तात अगदी नगण्य उतरतं म्हणाले. तीन वर्षं वापरतेय, काही त्रास नाही. पण तुमची गोष्ट वेगळी आहे. तुमचे अंडाशय ४२ ला गेले.

तो आवाज मला डाव्या कानात यायचा. आता कमी आहे, पूर्ण गेला नाही. पंखा चालू ठेवून झोपते, आणि उशी पातळ.


दाभोळखाडी

मी रत्नागिरी जिल्ह्यात फिजिशियन आहे. एफएमडीचा तज्ज्ञ नाही, पण असे दोन रुग्ण मी तपासलेत आणि त्यांच्यामुळे बरंच वाचावं लागलं. तुमचे रिपोर्ट मी पाहिलेले नाहीत, तेव्हा हे सगळं तुमच्या डॉक्टरांसमोर ठेवून मग ठरवा.

वाहकताई, आधी तुमच्या मनाला लागलेलं घेतो. या रोगाची पहिली नोंद १९३८ सालची आहे, आणि ती साडेपाच वर्षांच्या एका मुलाच्या किडनीच्या नसेची. तेव्हा हार्मोनच्या गोळीशिवाय हा रोग होतो, हे पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तरीही दहा रुग्णांत नऊ बायका असतात आणि निदान सरासरी पन्नाशीच्या आसपास होतं, म्हणून हार्मोनवरचा संशय गेलेला नाही, आणि तो वावगाही नाही. शस्त्रक्रियेत काढलेल्या अशा नसांच्या स्नायूपेशींत प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या स्त्री-हार्मोनचे रिसेप्टर (म्हणजे ते हार्मोन पकडणाऱ्या जागा) सापडल्याचं फ्रान्समधल्या डॉक्टरांनी मांडलं आहे. दुसरीकडे, १९८९ साली किडनीच्या एफएमडीच्या रुग्णांची निरोगी माणसांशी तुलना केली गेली. त्यात गर्भनिरोधक गोळ्यांचा संबंध आढळला नाही. सिगारेटचा मात्र आढळला. (तुम्ही मिशरी लावत असाल तर तीही सोडा. तंबाखू कुठल्याही वाटेने आली तरी नसांना वाईटच.) २०१६ मध्ये फॅक्टर-१ नावाच्या जनुकातला एक बदल या रोगाशी जोडलेला सापडला. तो इतका सर्रास आढळतो की तेवढ्यावरून कुणाला रोग होईल हे सांगता येत नाही, पण मुळाशी जन्मजात काहीतरी आहे, एवढं त्यावरून दिसतं.

म्हणून, तुम्ही चहाबरोबर ती माळ गिळली असं म्हणायला कसलाही पुरावा नाही. हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही.

पण गोळीने तुमचं बीपी चढायला हातभार लावला असेल का, हा प्रश्न वेगळा आहे, आणि तो तुमच्या कुठल्याच डॉक्टरांनी तुमच्यापाशी काढलेला दिसत नाही. तोंडाने घेतलेलं इस्ट्रोजेन आतड्यातून थेट यकृतात जातं. तिथे ते यकृताला अँजिओटेन्सिनोजेन नावाचं प्रथिन जास्त बनवायला लावतं. आता तुमची किडनी बघा. नस आवळलेली, म्हणून तिच्यापर्यंत रक्त कमी दाबाने पोचत होतं. तिला वाटतं अंगातलं रक्तच कमी झालं, आणि ती रेनिन सोडते. हे रेनिन काम करतं ते त्याच अँजिओटेन्सिनोजेनवर, आणि त्यातून पुढे नसा आवळणारं, मीठ धरून ठेवणारं रसायन तयार होतं. गिरणी आधीच जोरात चालली होती, त्यात दळणही वाढलं. बहुतेक बायकांचं बीपी या गोळीने फारसं हलत नाही, काहींचं चढतं. तुमची नस उघडी असूनही बीपी परत १४५ झालंय, तर हे तपासून बघायलाच हवं.

यकृतातून जाताना रक्त गोठवणारी प्रथिनंही वाढतात. त्वचेवर लावायचं जेल किंवा चिकटवायचा पॅच घेतला तर इस्ट्रोजेन आधी रक्तात जातं, यकृतावर तो पहिला लोंढा येत नाही. म्हणून ‘गोळी बंद’ आणि ‘घ्या बिनधास्त’ या दोहोंच्या मध्ये एक वाट आहे: गोळी सोडून कमीत कमी मात्रेचं जेल. माझ्याकडे तुमच्यासारखी रुग्ण आली असती तर मी तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना फोन करून हेच सुचवलं असतं. गर्भपिशवी नसल्यामुळे तुम्हाला सोबत प्रोजेस्टेरॉन घ्यावं लागत नाही, हे तुमच्या बाजूचं आहे.

‘आजच्या आज बंद’ म्हणणाऱ्या डॉक्टरांच्या मनात काय असेल तेही सांगतो. अमेरिकेत पाळी गेलेल्या बायकांवर मोठी चाचणी झाली. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं औषध) दोन्ही घेणाऱ्यांचा भाग २००२ मध्ये मध्येच थांबवला, आणि गर्भपिशवी काढलेल्या, नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्या सुमारे १०,७०० बायकांचा भाग २००४ मध्ये. दुसऱ्या भागात पक्षाघात वाढलेला दिसला. मानेच्या नसांत एफएमडी असलेली बाई समोर बसली की ‘पक्षाघात’ हा शब्द डॉक्टरला आठवणारच. पण त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं आणि त्या तोंडाने गोळी घेत होत्या. ४२ व्या वर्षी अंडाशय काढलेल्या बाईला तो निकाल जसाच्या तसा लावता येत नाही. तुम्हाला तेव्हा इस्ट्रोजेन दिलं ते योग्यच होतं. नैसर्गिक पाळी जाण्याचं वय साधारण ५० ते ५१, तिथपर्यंत शरीराला त्याची गरज असते. तुम्ही आता त्या वयाला पोचलात, तेव्हा पुढे किती दिवस आणि कशासाठी घ्यायचं हे नव्याने ठरवायची वेळ आली आहे.

दोन गोष्टी विचारतो. छातीत कधी अचानक जोराचं दुखून ईसीजी बिघडला होता का? एफएमडी असलेल्यांत हृदयाच्या नसेला आपोआप चीर जाण्याचा प्रकार दिसतो, आणि तो होऊन गेला असेल तर पोटात घ्यायची आणि त्वचेवरची दोन्ही हार्मोनं शक्यतो टाळतात. दुसरं, ईएसआर आणि सीआरपी (अंगात सूज आहे का ते दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या) केलं होतं का? आपल्याकडे बाईच्या नसा अरुंद दिसल्या की आधी ताकायासूचा विचार करावा लागतो. जपानी नेत्रतज्ज्ञ मिकितो ताकायासू यांनी १९०८ मध्ये मांडलेला हा आजार भारतात एफएमडीपेक्षा जास्त ओळखीचा आहे. त्यात नसेला सूज असते, महाधमनी आणि तिच्या फाट्यांची सुरुवात धरते, आणि उपचार पूर्ण वेगळे. तुमच्या वयाला आणि ‘माळ’ या वर्णनाला एफएमडीच बसतो, तरी ती नोंद फाइलमध्ये असावी.

मुलीचं: घरातल्या सगळ्यांचे सीटी करत सुटू नका. बहुतेक कुटुंबांत दुसरं कुणी सापडत नाही. तिचं बीपी मोजा, दर तीन महिन्यांनी मोजत राहा, आणि तुमच्या रोगाचं तिच्या डॉक्टरांना सांगा. गर्भनिरोधक गोळीत साधारण इथिनिल इस्ट्रॅडिऑल असतं, त्याचा यकृतावरचा जोर पाळी गेल्यावर देतात त्या गोळीपेक्षा बराच जास्त असतो. तिला डोळ्यांपुढे चमकून येणारं मायग्रेन असेल किंवा बीपी वाढलं असेल तर ती गोळी नको.


ओवी_पनवेल

माझ्या आईला वाफांचा खूप त्रास होता. तिने वैद्यांकडून शतावरी कल्प आणि ज्येष्ठमधाचा काढा घेतला, सहा महिन्यांत बरं वाटलं. ताईंनी गोळी सोडून ते करून बघावं असं मला मनापासून वाटतं. निदान नैसर्गिक तरी आहे.


दाभोळखाडी

ओवीताई, आईंना बरं वाटलं हे चांगलंच. पण ज्येष्ठमध या ताईंना नको. ते रोज पोटात गेलं तर शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम उतरवतं आणि बीपी चढवतं. हे नीट माहीत असलेलं आहे. शतावरी एफएमडीच्या रुग्णांत कुणी तपासून पाहिलेली नाही, म्हणून मी ती सुचवणार नाही.

वाहकताई, हार्मोनशिवायची औषधंही आहेत, पण त्यांचंही बघून घ्या. वेनलाफॅक्सिनने काहींचं बीपी वाढतं. गॅबापेंटिन रात्री घेतलं तर वाफा आणि झोप दोन्हींना उपयोग होतो, पण सकाळी गुंगी राहू शकते, आणि तुम्हाला चालत्या गाडीत उभं राहायचं असतं. टिबोलोन (वाफांसाठी देतात ती हार्मोनसारखी गोळी) कुणी देऊ केलं तर नाही म्हणा, वयस्क बायकांच्या चाचणीत त्याने पक्षाघात वाढला होता.


वाहक_बार्शी

डॉक्टर, ज्येष्ठमधाचं वाचलं आणि हातातलं काम सोडून उठले. माझ्या खाकी शर्टाच्या खिशात ज्येष्ठमधाची काडी कायम असते. दिवसभर ‘पुढं सरका, पुढं सरका’ ओरडून घसा बसतो, म्हणून आम्ही पुष्कळ जण चघळतो. मी तर गेल्या वर्षापासून जास्तच चघळत होते. मला कुठल्याच डॉक्टरांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही, कारण ते औषध आहे असं कधी वाटलंच नाही. त्याच दिवशी डबी रिकामी केली. सोबतच्या वाहक बायकांनाही सांगितलं, ज्यांना बीपी आहे त्यांना तर बजावून.

छातीत कधी दुखलं नाही. ईएसआर १४ होता, सीआरपीही नॉर्मल, फाइलमध्ये सापडलं. मिशरी लावत नाही, आई लावायची.

संत्रानगरी ताई, तुमचं मान मोडण्याचं वाचून मी आमच्या ड्रायव्हरदादांनाही सांगितलं. सलूनमध्ये दाढी झाली की न्हाव्याकडून मान मोडून घ्यायची त्यांची पंचवीस वर्षांची सवय. ऐकतील असं वाटतंय.


वाहक_बार्शी

दोन महिन्यांनी लिहितेय, उशीर झाला. कुणाला पुढे शोधताना सापडेल म्हणून काय झालं ते लिहून ठेवते.

इथलं सगळं वहीत उतरवून घेतलं आणि सोलापूरला फिजिशियन सरांपुढे ठेवलं. त्यांनी माझ्यासमोर स्त्रीरोगाच्या डॉक्टरांना फोन लावला. नऊ वर्षांत माझे दोन डॉक्टर पहिल्यांदा एकमेकांशी बोलले. दहा मिनिटं लागली. गोळी बंद केली आणि दुसऱ्या दिवसापासून जेल, सगळ्यात कमी मात्रा, रात्री दंडाला लावायचं. सहा महिने असं, मग आणखी कमी करून बंद करायचा प्रयत्न. वाफा येतात, पण दिवसातून एखादी, आणि मशीन हातात राहतं.

बीपी घरी रोज मोजते, वहीत लिहिते. आधी १४५ च्या आगेमागे होतं. पहिले दहा दिवस काही फरक नाही. मग उतरायला लागलं. गेले तीन आठवडे १२६ ते १३२, खालचं ८० च्या आत. आता हे जेलमुळे की ज्येष्ठमध सोडल्यामुळे, की डेपो मॅनेजर साहेबांनी मुक्कामाची ड्युटी काढून दिवसाची दिली त्यामुळे, हे मला सांगता येणार नाही. सगळं एकाच महिन्यात झालं. सर म्हणाले, ज्येष्ठमधाचा वाटा मोठा असणार, पोटॅशियम ३.३ होतं ते ४.१ झालं. म्हणून कुणी माझं वाचून नुसतं जेल मागायला जाऊ नका, खिशातही बघा.

मुलीचं बीपी ११८/७६. तिला मायग्रेन नाही. तिच्या डॉक्टरांना माझे रिपोर्ट दाखवले, त्यांनी इस्ट्रोजेन नसलेल्या गोळीवर आणलं. गरज होती का माहीत नाही, पण मला झोप लागते.

अंडाशयं न विचारता काढली, त्याचा राग गेलेला नाही. पण गोळी मीच गिळली म्हणून हे झालं, असं जे रोज सकाळी मनात यायचं, ते आता येत नाही. साडेपाच वर्षांच्या त्या पोराचं ऐकल्यापासून. कोण कुठलं पोर, सत्याऐंशी वर्षांपूर्वीचं, पण मी कधी कधी त्याचा विचार करते.

कानातला आवाज आहे. मानेच्या नसांचा स्कॅन पुढच्या जानेवारीत पुन्हा करायचाय.

संत्रानगरी ताई, उशी पातळ म्हणालात ती कापसाची की फोमची? माझी फोमची आहे, त्यावर उजव्या कुशीवर झाले की आवाज वाढतो.


संत्रानगरी

कापसाची, पिंजून पातळ भरून घेतलेली. आणि ताई, आवाज येतो त्या कुशीवर झोपू नका, पाठीवर झोपून बघा. पहिले आठ दिवस जमत नाही, मग जमतं. जानेवारीतला रिपोर्ट आला की इथे नक्की लिहा, मी वाट बघते.